जंतूंची अक्षरे वाचणारे डॉक्टर

मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली म्हणजे घरात प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? शाळेतील नोकरी, नाही तर लग्न, एवढेच मार्ग पुष्कळ आईबापांना ठाऊक असतात. तिसऱ्या एका मार्गाविषयी, पीएच.डी.विषयी, चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. येथेही डॉक्टर ही पदवी मिळते. मात्र गळ्यात स्टेथॉस्कोप येत नाही.

प्रत्येक जंतूच्या पेशीत चारच अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. क्षयाच्या जंतूचा हा मजकूर सुमारे ४४ लाख अक्षरांचा असून १९९८ साली तो प्रथम संपूर्ण प्रसिद्ध झाला. त्यातील एखादे अक्षर बदलले तरी रिफाम्पिसिनसारखे नामांकित औषध निरुपयोगी ठरू शकते. थुंकीतील जंतू वाढवून औषधांची परीक्षा करावयाची तर कित्येक आठवडे जातात, आणि तोवर रोगी चुकीच्या गोळ्या गिळत राहतो! अक्षरे वाचणाऱ्यास ही गोष्ट पुष्कळ आधी कळते. दोन रोग्यांच्या जंतूंचे मजकूर ताडून पाहिले म्हणजे रोग कोणत्या वाटेने पसरला, याचाही माग लागतो.

हे काम चालते कोठे? मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या हैदराबादेतच पाहा. तेथे सी.सी.एम.बी. या नावाने ओळखली जाणारी सरकारी संशोधनसंस्था आहे. २०२० साली कोविडच्या साथीत तिच्या संशोधकांनी शहराचे सांडपाणी तपासले. रोग्याच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात. त्यांवरून सुमारे ६ लाख ६० हजार लोकांना लागण झाली असावी, असा अंदाज त्यांनी बांधला. गटाराचे पाणी तपासणे कोणास कमीपणाचे वाटेल. आम्हांस ते मोठ्या मानाचे वाटते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विषाणूंवर नजर ठेवण्यासाठी सरकारने १० प्रयोगशाळांचा इन्साकॉग हा संघ स्थापिला. त्यात ही संस्था होती, तशीच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्थाही होती.

आता खर्चाचे. सी.एस.आय.आर.-नेट परीक्षेत जीवशास्त्र विषय घेऊन कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती मिळविली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाड्याचा भत्ता निराळा. ध्यानात ठेवावे की, त्याच परीक्षेत केवळ अध्यापनास पात्र ठरणाऱ्यास ही विद्यावृत्ती मिळत नाही. संस्थेची मुलाखत वेगळी द्यावी लागते. लाखो अक्षरे संगणकावरच वाचावयाची असल्याने संगणकाची भाषा एम.एस्सी.तच शिकून घ्यावी. अभ्यास पाच वर्षांचा, कधी त्याहूनही लांबणारा. विद्यावृत्तीची मुदत मात्र पाचच वर्षांची असते.