टोपी भरल्यावर उडी

सकाळी 7.30. मोस्तार, बोस्निया-हर्जेगोव्हिना. खोल घळीतून नेरेत्वा वाहते. तिच्यावर एकाच कमानीचा दगडी पूल, स्तारी मोस्त. उडी मारून पोट भरणारा एक तिशीतला गडी कठड्यावरून वाकून पाणी बघतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं. मग उडी वीस मीटरांहून जास्त होते.

8.15. कॉफी, साखरेच्या खड्यासोबत. दोन मार्क. एका युरोला बोस्नियाचे जवळजवळ दोन मार्क मिळतात, इथे दोन्ही चालतात. पूर्वेच्या कुयुंजिलुक आळीत तांबटांची ठोकाठोक सुरू झालीय. ताटल्यांशेजारी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पेनं मांडलीत.

11.00. दुब्रोव्हनिक आणि स्प्लिटच्या बसगाड्या आल्या. ही माणसं दुपारनंतर परत जाणार, म्हणजे बहुतेक कमाई या चार-पाच तासांतच. पुलाचा दगड पावलांनी गुळगुळीत झालाय. आडव्या उंच पट्ट्या आहेत म्हणून पाय टिकतो.

11.20. गडी कठडा ओलांडून बाहेरच्या कडेला उभा राहतो. सोबती टोपी फिरवतो. गाइड सांगतोय: 1566 मध्ये मिमार हैरुद्दीननं पूल पुरा केला, 9 नोव्हेंबर 1993 ला युद्धात तोफगोळ्यांनी तो पाडला, त्याच जातीच्या तेनेलिया दगडात पुन्हा बांधून 2004 मध्ये खुला झाला. सगळे मोबाइल वर. टोपीत पाच युरोची एक नोट, बाकी चिल्लर.

11.50. मोजणी. सव्वीस युरो. चाळीस झाल्याशिवाय उडायचं नाही, असं दोघांचं ठरलंय. गडी आत येतो, सावलीत बसतो. एक बस निघून जाते.

12.25. टोपी भरली. तो डोक्यावर गार पाणी ओतून घेतो. हवा अडतीस अंशांवर, खाली डोंगरातून आलेलं बर्फगार पाणी. तापलं अंग तसंच आत गेलं तर श्वास अडकतो. मग उडी. पाय जुळलेले, हात अंगाशी. दोन सेकंद. पाण्याला लागताना वेग ताशी सत्तर किलोमीटरांवर असतो. पाय जरा फाकले तरी मांड्या काळ्यानिळ्या होतात. तो पोहत काठाला लागतो आणि पायऱ्या चढून वर येतो. टाळ्या तोवर संपलेल्या असतात.

2.00. जेवण. सोमून रोटीत चेवापी कबाब, वर कच्चा कांदा. उजवा खांदा दुखतोय, मलम चोळतो. हिवाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा मिळेल ते गवंडीकाम.

3.30. एका परदेशी तरुणाला स्वतः उडी मारायचीय. शुल्क भरायचं, उडी मारणाऱ्यांच्या क्लबचा रबरी पोशाख घालायचा, आधी काठावरच्या कमी उंचीच्या फळीवरून सराव. जमलं तरच पुलावर. गडी खाली पाण्याजवळ थांबतो, नजर त्या पोरावर. उडी नीट होते. नाव क्लबच्या वहीत चढतं.

5.40. आजची तिसरी उडी. गर्दी विरळ, टोपी भरायला पाऊण तास गेला.

6.30. पुलालगतच्या हालेबिया बुरुजाजवळ नाणी वेगळी, नोटा वेगळ्या. टोपी फिरवणाऱ्याचाही वाटा निघतो. उरलेल्यात घरभाडं, मलम, उद्याची कॉफी.

मोस्तारला गेलात आणि ती उडी मोबाइलमध्ये टिपलीत, तर टोपीत पैसे टाका. आणि ते उडीच्या आधी टाका.