भिंतीआड जपलेली वर्षे

१९४४ साली युद्धाची आघाडी इटलीतून उत्तरेकडे सरकत असताना, तोस्कानातल्या मोन्ताल्चिनो गावाजवळच्या ग्रेप्पो मळ्यात तान्क्रेदी बिओन्दी सान्ती यांनी तळघरात एक भिंत बांधून घेतली. तिच्याआड त्यांनी घराण्याच्या सर्वांत जुन्या बाटल्या लपवल्या. त्यांत १८८८ आणि १८९१ सालची, वडिलांच्या हातची वाइन होती. युद्ध उलटून गेले आणि बाटल्या सुखरूप बाहेर आल्या. या वाइनचे नाव ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो.

सिएना शहराच्या दक्षिणेला, सुमारे ५६० मीटर उंचीच्या टेकडीवर मोन्ताल्चिनो वसले आहे. पाठीशी १,७३८ मीटरचा आमिआता डोंगर. पाऊस आणि गारपीट तो बराचसा अडवून धरतो. त्यामुळे इथला सान्जोव्हेझे द्राक्षाचा घड सावकाश, पुरता पिकतो. या भागात त्याच जातीला ‘ब्रुनेल्लो’ म्हणजे ‘सावळा’ म्हणत.

एकोणिसाव्या शतकात तोस्कानाची लाल वाइन बहुधा ताजीच प्यायली जाई आणि तिच्यात पांढरी द्राक्षेही मिसळत. तान्क्रेदींचे वडील फेरुच्चो यांनी ही वाट सोडली. गारिबाल्दींच्या सैन्यात लढून आलेल्या या तरुणाने आजोबा क्लेमेन्ते सान्ती यांचे प्रयोग पुढे नेले. भुरी आणि फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा उजाड होत होत्या, त्या काळात त्यांनी मळ्यातले निवडक सान्जोव्हेझे वेल हेरले, त्यांची कलमे वाढवली आणि दुसरे एकही द्राक्ष न मिसळता वाइन केली. ती ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरत ठेवली.

मुरवणे का लागते, हे तरुण ब्रुनेल्लोचा घोट घेतला की कळते. आंबटपणा धारदार आणि तुरटपणा इतका, की कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेल्या टॅनिनचा. पिंपाच्या लाकडातून अगदी थोडी हवा आत झिरपते. काळाच्या ओघात टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंफतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि घोट मऊ होतो. माणकासारखा लाल रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या चेरीचा वास मागे पडून वाळलेली पाने, चामडे आणि तंबाखूचा वास येऊ लागतो. या सगळ्या काळात वाइन तगते ती त्याच आंबटपणाच्या बळावर.

हा धीर कायद्यातही उतरला आहे. १९६६ साली ब्रुनेल्लोचे नियम झाले, १९८० साली तिला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. द्राक्ष फक्त सान्जोव्हेझे, हेक्टरी पीक जास्तीत जास्त ८ टन, लाकडात किमान दोन वर्षे. सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी बाटली विकता येत नाही. २०१९ ची वाइन म्हणूनच २०२४ मध्ये बाजारात आली. ‘रिझेर्व्हा’ या प्रकाराला आणखी एक वर्ष थांबावे लागते.

२००८ मध्ये काही उत्पादकांवर दुसरी द्राक्षे मिसळल्याचा संशय आला आणि चौकशी झाली. गाव हादरले, पण केवळ सान्जोव्हेझेचा नियम उत्पादकांनी बदलला नाही.

हेच द्राक्ष आज अकलूज परिसरातही पिकते. तिथल्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीत मोहिते-पाटील कुटुंबाबरोबर इटालियन भागीदार आहेत आणि तिथली वाइन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. वेल तोच असला तरी सोलापूरच्या उन्हात त्याचे वेळापत्रक पार बदलते. एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा ओसरला की गोडी छाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी. मोन्ताल्चिनोत वेल हिवाळाभर निजतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते.

ग्रेप्पोच्या वाइनची खरी कसोटी मात्र तळघरात लागते. दशकांनंतर बूच खराब होते, बाटलीतली पातळी उतरते आणि वर हवेची पोकळी वाढते. १९२७ साली तान्क्रेदींनी १८८८ आणि १८९१ च्या बाटल्या उघडल्या, त्याच सालच्या वाइनने काठोकाठ भरल्या आणि नवी बुचे बसवली. यासाठी त्या सालातली एक बाटली खर्ची घालावी लागते, म्हणजे बाकीच्या तगतात. १८८८ च्या बाटल्या आता मोजक्याच उरल्या आहेत.