विश्लेषण : ‘प्रायव्हेट पायलट’ची उड्डाण चाचणी कशी होते? परभणीच्या पालकांनी काय लक्षात घ्यावे?

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. प्रवासी विमान पकडायचे तर नांदेड गाठावे लागते आणि विमान चालवायला शिकायचे तर त्याहून लांब जावे लागते. बारामती, धुळे, शिरपूर किंवा गोंदियाजवळील बिरसी ही राज्यातील प्रशिक्षणाची ठिकाणे. घरापासून दूर राहून, लाखो रुपये भरून शिकणाऱ्या मुला-मुलींचा पहिला परवाना ठरतो तो एका उड्डाण चाचणीवर. या चाचणीत नेमके काय पाहिले जाते आणि हा परवाना मिळाल्यावर नोकरी लागते का?

हा परवाना कशासाठी?

प्रायव्हेट पायलट लायसन्स म्हणजेच ‘पीपीएल’ हा खासगी उड्डाणाचा परवाना आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला, भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना खासगी उड्डाणाचाच होता. हा परवाना असलेल्याला आई-वडिलांना शेजारी बसवून उड्डाण करता येते, पण त्यासाठी कोणाकडून भाडे किंवा पगार घेता येत नाही. विमान कंपनीतील नोकरीसाठी कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे ‘सीपीएल’ लागते. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण आणि वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. पीपीएलसाठी केलेले तास पुढे सीपीएलसाठी धरले जातात. त्यामुळे अनेक विद्यार्थी पीपीएल न घेता थेट सीपीएलकडे जातात.

चाचणीपर्यंत कसे पोहोचता येते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे ‘डीजीसीए’चे नियम येथे लागू होतात. वय किमान १७ वर्षे, शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण आणि वर्ग २ चे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. स्टुडंट पायलट लायसन्स मात्र १६ व्या वर्षीही मिळते. हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमान-इंजिन यांवरील लेखी परीक्षेत ७० टक्के गुण लागतात. उड्डाणाचे किमान ४० तास पूर्ण करावे लागतात. त्यातील किमान २० तास एकट्याने, म्हणजे शेजारी प्रशिक्षक नसताना करायचे असतात. एकट्याने १५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा प्रवास करून वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून दाखवावे लागते.

परीक्षक सुरुवात कुठून करतो?

चाचणी जमिनीवरच सुरू होते. आजचे हवामान काय, वारा कोणत्या दिशेचा, धावपट्टी किती लांब, इंधन किती लागेल, विमानाचे एकूण वजन मर्यादेत आहे का, असे प्रश्न विचारले जातात. प्रशिक्षणात वापरले जाणारे सेसना १७२ चार आसनी असते. मात्र टाक्या पूर्ण भरून चार प्रौढ व्यक्ती बसल्या तर वजन सहसा मर्यादेबाहेर जाते. हे गणित उमेदवाराने स्वतः मांडायचे असते.

त्यानंतर विमानाभोवती फेरी मारून तपासणी होते. पंख, शेपूट, चाके, तेल असे सगळे पाहायचे. टाकीतील थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून निळसर इंधनाच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का, हेही पाहायचे. हा टप्पा घाईत उरकणाऱ्याबद्दल परीक्षकाचे मत तिथेच बनू लागते.

हवेत काय करून दाखवावे लागते?

सरळ उड्डाण, तीव्र वळणे, कमी वेगातील नियंत्रण, ‘स्टॉल’मधून सावरणे, इंजिन बंद पडल्याचा सराव आणि वेगवेगळ्या प्रकारे उतरणे हे चाचणीचे मुख्य भाग आहेत.

दुचाकी चालवणाऱ्याला ‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणे वाटेल. विमानात तसे नसते. विमानाचे नाक गरजेपेक्षा वर उचलले गेले की पंखावरून जाणारी हवा विस्कळीत होते आणि पंखाची उचलण्याची ताकद घटते. इंजिन चालू असतानाही हे घडते. उपाय मनाविरुद्धचा असतो. विमान खाली जात असतानाच नाक आणखी खाली करायचे, मग शक्ती द्यायची. हा हात आपोआप चालावा लागतो, म्हणून तो वारंवार घटवून घेतला जातो.

इंजिन बंद पडल्याचा सराव परीक्षक अचानक सुरू करतो आणि शक्ती कमी करतो. एक हजार फुटांवरून वारा नसताना सेसना १७२ साधारण अडीच किलोमीटर तरंगत जाऊ शकते. तेवढ्यात वेग सांभाळून उतरण्याजोगे रान निवडायचे असते. वीजतारा कुठे आहेत, उभे पीक कुठे आहे हे पाहायचे असते. पावसानंतर काळ्या रानात चाक रुतते, हे परभणीच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र तेच रान वरून काही सेकंदांत ओळखता आले पाहिजे. या सरावात प्रत्यक्ष शेतात उतरत नाहीत. ठरलेल्या उंचीवरून विमान पुन्हा वर नेले जाते.

नापास होण्याची भीती कुठे घात करते?

उतरताना विमान धावपट्टीच्या रेषेत नसेल, वेग जास्त असेल किंवा आडवा वारा जोर धरत असेल, तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे असते. याला ‘गो-अराऊंड’ म्हणतात. पुन्हा वर गेलो तर गुण जातील, या भीतीने काही उमेदवार विमान कसेबसे टेकवतात. प्रत्यक्षात वेळेवर घेतलेला ‘गो-अराऊंड’ चांगल्या निर्णयाची खूण मानला जातो. ‘आज हवामान योग्य नाही, उड्डाण नको’ असे कारणांसह सांगणेही तसेच. परीक्षकाला शोभिवंत उड्डाण नको असते. आपण शेजारी नसताना हा उमेदवार प्रवाशाला सुखरूप आणेल का, एवढेच त्याला ठरवायचे असते. चाचणीत उणीव राहिली तर त्या भागाचे प्रशिक्षण घेऊन पुन्हा चाचणी देता येते.

पालकांनी पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. सीपीएलचा विचार असेल तर वर्ग १ चे निकष सुरुवातीलाच तपासावेत. जमीन गहाण ठेवल्यावर डोळ्यांचा किंवा कानाचा दोष कळणे परवडणारे नसते. संस्था डीजीसीएची मान्यताप्राप्त आहे का, हे पाहावे. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर करणे सुरू केले आहे, तीही तपासावी. संस्थेत उडण्याच्या स्थितीतील विमाने किती, एका विमानामागे विद्यार्थी किती आणि पावसाळ्यात किती दिवस उड्डाण थांबते, हे तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. तास रखडले तर राहण्या-जेवण्याचा खर्च वाढत जातो. ठरलेले तास पूर्ण न झाल्यास पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. पीपीएल दाखवून ‘नोकरी नक्की’ असे कोणी सांगत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.