फुल फ्रेम म्हणजे फुल थाळी नव्हे



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत दीड लाखाच्या कर्जाचा अर्ज आला. अर्ज दोघींचा. एक माझी धाकटी जाऊ, दुसरी तिची मैत्रीण. दोघी मिळून चार वर्षं साखरपुड्याचे, बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढतात आणि आता पूर्ण लग्नाच्या ऑर्डरीही घ्यायला लागल्यात. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, "ताई, क्रॉपवर अजून किती दिवस काढणार? आता फुल फ्रेम घ्या." अर्ज वाचून झाल्यावर सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कारण हा उद्योग मी आधी करून बसलेय. त्या दिवशी बैठकीत जे बोलले, तेच आज तुम्हाला सांगते. तुमच्या गटातही फोटोचं काम करणारी कोणी असेल.

पहिलं म्हणजे हा "फुल" शब्द. फुल थाळी आणि हाफ थाळी असते ना, तसं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि आपला कॅमेरा अर्धवट आहे असं वाटायला लागतं. खरी गोष्ट वेगळी आहे. कॅमेऱ्यात रीळ घालायचे तेव्हा रिळावरच्या एका फोटोची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असायची. १९२५ साली जर्मनीतला लायका कॅमेरा बाजारात आला आणि हे माप जगभर रुळलं. पुढे डिजिटल कॅमेरे आले. रिळाच्या जागी सेन्सर आला, म्हणजे उजेड टिपणारी चकती. तेवढ्या मापाचा सेन्सर बनवणं फार महाग पडायचं, म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत लहान बसवला. निकॉन आणि सोनीमध्ये साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर, कॅननमध्ये त्याहून जरासा लहान. रिळाएवढा सेन्सर तो फुल फ्रेम, लहान तो क्रॉप. झालं. आणि रिळाच्या काळात हे "फुल" माप लहानच समजायचे, बरं का. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स कॅमेरा वापरायच्या. त्यातली चौकट साडेपाच सेंटिमीटर लांब-रुंद.

आता हा फरक कामात कुठे दिसतो?

लेन्समधून आत पडणारं चित्र गोल असतं, भाकरीसारखं. सेन्सर त्या भाकरीतून चौकोनी तुकडा कापून घेतो. फुल फ्रेम मोठा तुकडा घेतो, क्रॉप मधलाच लहान घेतो. म्हणून एकाच जागेवर उभं राहून एकच लेन्स लावली, तर क्रॉपमध्ये आजूबाजूचं सुटतं आणि माणूस जवळ आल्यासारखा दिसतो. निकॉन-सोनीमध्ये दीडपट, कॅननमध्ये १.६ पट. ५० मिलिमीटरची लेन्स क्रॉपवर ७५ किंवा ८० सारखी वागते. नवरीचा चेहरा टिपायला हे छान. पण दहा बाय बाराच्या खोलीत बारसं असेल तर पाठ भिंतीला लागते आणि पाळण्याभोवतीच्या निम्म्या बायका फोटोबाहेर राहतात. तिथे क्रॉपवर १८ किंवा त्याहून कमी आकड्याची लेन्स लागते. शाळेच्या मैदानावर कबड्डी काढायची असेल तर उलट. तिथे क्रॉपचाच फायदा, २०० ची लेन्स ३०० सारखी पोचते.

दुसरा फरक उजेडाचा. पावसात अंगणात परात ठेवली आणि ताटली ठेवली, तर परातीत पाणी जास्त साठणार. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन ते अडीच पट असतं. रात्रीच्या मांडवात आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात, ते फुल फ्रेमवर कमी येतात. हे खरं आहे. दुकानदार याबाबतीत खोटं बोलत नाही.

पण तो पुढचं सांगत नाही. कॅमेऱ्याबरोबर १८-५५ ची जी लेन्स येते, ती ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याच जुन्या क्रॉप कॅमेऱ्याला एफ १.८ ची ५० ची लेन्स लावा. हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. उजेड जवळजवळ दहापट आत येतो. दहापट! बॉडी बदलून सव्वादोन-अडीच पट, आणि लेन्स बदलून दहापट. अशी लेन्स कंपनीप्रमाणे साधारण दहा ते वीस हजारांत नवी मिळते. हे गणित मला कोणी दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर माझ्या पाटल्या वाचल्या असत्या.

एक अडचणही सांगते. १.८ वर नवरीचा डोळा स्वच्छ येतो आणि मागची करवली धूसर होते. एकटीदुकटीच्या फोटोला ते चालतं. स्टेजवर दोन्हीकडचे पंधरा पाहुणे दोन रांगांत उभे राहिले की तोंड लहान करून एफ ५.६ किंवा ८ वर यावंच लागतं. आणि गंमत अशी की तिथे फुल फ्रेमचाही फायदा हातातून जातो. मोठ्या सेन्सरवर पुढची आणि मागची रांग दोन्ही स्वच्छ हवी तर तोंड आणखी लहान करावं लागतं, उजेड घटतो, आयएसओ पुन्हा चढतो. आपल्याकडच्या लग्नात निम्मे फोटो असलेच, अहेर घेऊन उभे राहिलेले. तिथे चांगला फ्लॅश हवा, तो तिरपा करून पांढऱ्या छतावर मारता आला पाहिजे. मांडवाचं कापड लाल असेल तर वर मारू नका, सगळे तोंडाला कुंकू फासल्यासारखे दिसतात.

आता माझी फजिती. मी फुल फ्रेमची नुसती बॉडी घेतली, गटाचं कर्ज काढून. दुकानात विचारलं होतं, "माझ्या जुन्या लेन्स चालतील ना?" तो म्हणाला, "सगळ्या बसतात ताई." बसल्या. पण माझ्या लेन्स क्रॉपसाठी बनवलेल्या होत्या. त्यांची भाकरी लहान, मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतच नाही. कॅमेऱ्याने ते ओळखलं आणि आपोआप मधला तुकडा तेवढा घेतला. २४ मेगापिक्सेलची बॉडी, फोटो येत होता दहा-अकराचा. म्हणजे कर्ज काढून मी माझा जुनाच कॅमेरा पुन्हा विकत घेतला होता, तोही कमी मेगापिक्सेलचा. तो उलगडा झाला ऐन लग्नसराईत. मग पाटल्या गहाण ठेवून लेन्स घेतली.

म्हणून खरेदीआधी आपल्या लेन्सवरची अक्षरं वाचा. निकॉनच्या लेन्सवर डीएक्स असेल तर ती क्रॉपची. ती फुल फ्रेमवर बसते, पण मी सांगितलं तसं होतं. कॅननवर ईएफ-एस असेल तर क्रॉपची, आणि ती फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. नुसतं ईएफ असेल तर दोन्हीकडे चालते. सोनीत एफई लिहिलेली फुल फ्रेमची, नुसती ई असेल ती क्रॉपची. नवे बिनआरशाचे म्हणजे मिररलेस कॅमेरे घेतले तर तोंडच वेगळं असतं, जुन्या लेन्सला मध्ये अडॅप्टर लावावा लागतो. आपली लेन्स आपल्या हाताने लावून, फोकस होतोय ना, हे बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

मग काहीजणी विचारतात, पुढे कधीतरी फुल फ्रेम घ्यायचाच आहे, तर आत्तापासून त्याच्याच लेन्स घेत जाऊ का? माझं मत असं. ५०, ८५ किंवा ७०-२०० घेणार असाल तर फुल फ्रेमची घ्या, आज क्रॉपवर चालेल आणि उद्याही कामाला येईल. २४-७० मात्र "पुढे उपयोगी पडेल" म्हणून आज घेऊ नका. क्रॉपवर ती ३६ ते १०५ सारखी होते, घरातला कार्यक्रम तिच्यात मावत नाही. शिवाय वजन. एफ २.८ ची मोठी ७०-२०० लेन्स दीड किलोच्या आसपास असते. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत ती गळ्यात वागवून बघा एकदा.

अल्बमचंही बोलू. आपल्याकडे चालतो तो बारा बाय छत्तीसचा करिझ्मा अल्बम. त्याचं एक पान बारा बाय अठरा इंच. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा त्याला पुरून उरतो. फुल फ्रेमही २४ चाच असेल तर फोटो काही मोठा होत नाही. अल्बम बघताना आजवर एकाही नवरीच्या आईने मला सेन्सर विचारलेला नाही. आत्याचा फोटो का नाही, हे मात्र दर वेळी विचारलंय.

तर बैठकीत आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दीड लाख, दोन वर्षांत फेडायचे, तर नुसतं मुद्दलच महिन्याला ६,२५० रुपये, व्याज वेगळं. आषाढी ते कार्तिकी लग्नं नाहीत, हप्ता मात्र आहे. त्या चार महिन्यांचे २५,००० कुठून आणायचे? जाऊ म्हणाली, बारशी असतात की. असतात, पण बारशाला दीड-दोन हजारांवर कोण देतं?

मग फुल फ्रेम घ्यायचाच नाही का? तसं नाही. ज्यांचं काम मुख्यतः रात्रीचं आहे, ऑर्डरी वर्षभर बांधलेल्या आहेत आणि ज्यांच्याकडे मोठ्या सेन्सरच्या दोन तरी लेन्स आधीच आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. मोठ्या बॉडींपैकी बऱ्याचशात दोन कार्डं बसतात आणि फोटो दोन्हीवर एकदम उतरतो. कार्ड बिघडलं तर अक्षता परत टाकता येत नाहीत. मिररलेस आल्यापासून लोक जुने फुल फ्रेम डीएसएलआर विकून टाकतात, तेही बघावेत. निकॉनचा २०१४ चा डी ७५० दोन कार्डांचा आहे, कॅननचा २०१२ चा फाइव्ह डी मार्क थ्रीही. त्याच वर्षीचा सिक्स डी स्वस्तात पडतो, पण त्यात कार्ड एकच.

जुना माल घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा, गाडीचं किलोमीटर बघतो तसं. लेन्स बॅटरीच्या उजेडात आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी नको.

शेवटी गटाने ४०,००० मंजूर केले. त्यात एफ १.८ ची ५०, एक फ्लॅश आणि दोन चांगली कार्डं आली, थोडे पैसे उरले. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या मोठ्या ऑर्डरीला सांगलीहून फुल फ्रेम एका दिवसाच्या भाड्याने आणायचा, दोघींनी दोन कॅमेऱ्यांवर तोच मांडव काढायचा आणि दोन्ही फोटो बारा बाय अठराच्या पानावर छापून बैठकीत ठेवायचे असं ठरलंय. कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा हे बायकांना सांगायचं नाही. जाऊ अजून फुरंगटलेली आहे. तिचं म्हणणं, फरक दिसणारच. दिसला तर अर्ज पुन्हा घेऊ, असं मीच ठरावात लिहून दिलंय.