उजनीचे उणे टक्के आणि मंगळावरचे बटाटे: सर्व्हायव्हल फिल्मचा प्लॉट चालतो कसा?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. एसटीत बसून, रेंज जात-येत असताना ज्यांना ऐकता येत नाही त्यांच्यासाठी खास. आणि आधीच सांगून ठेवतो, स्पॉयलर भरपूर आहेत. 'द मार्शियन' आणि 'ट्रॅप्ड' बघायचे राहिले असतील तर आधी बघून या, मग वाचा.

तर सुरुवात भिगवणपासूनच करू. एप्रिल-मे आला की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास कानावर येतो, "उजनी किती टक्के?" उत्तर येतं, "मायनसमध्ये गेली." बाहेरच्या माणसाला काही झेपत नाही. धरण मायनसमध्ये कसं जाईल? आपल्याला मात्र त्या एका आकड्यात पुढचं सगळं दिसतं. मोटार किती आत न्यायची, केबल आणि पाइप किती वाढवायचे, ऊस ठेवायचा की मोडायचा.

एक आकडा आणि त्याच्या मागे अख्खी गोष्ट. सर्व्हायव्हल फिल्मचा प्लॉट असाच चालतो. आपण म्हणतो, हिरो वाचणार का, हा सस्पेन्स असतो. पण खरं सांगा, तिकीट काढतानाच आपल्याला माहीत असतं की बहुतेक वाचणार. मग दोन तास खुर्चीवर कशामुळे बसतो आपण? माझ्या मते दोन हिशोबांमुळे. एकाला मी म्हणतो शिल्लक: आत किती उरलंय? दुसऱ्याला म्हणतो खबर: हा जिवंत आहे हे बाहेर कोणाला माहीत आहे? चांगल्या सर्व्हायव्हल फिल्ममधला जवळजवळ प्रत्येक सीन या दोनपैकी एक आकडा तरी हलवतो. दोन्ही जागच्या जागी राहिले की आपला हात मोबाईलकडे जातो.

पहिला हिशोब: शिल्लक

'द मार्शियन', २०१५, दिग्दर्शक रिडली स्कॉट. मंगळावर वादळ येतं, बाकीचे पाच जण निघून जातात, मार्क वॉटनी मेला असं समजून त्याला मागे सोडतात. शुद्धीवर आल्यावर तो काय करतो? जखम शिवतो आणि हिशोबाला बसतो. जेवण ताणून ताणून चारशे सोल पुरेल. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, आपल्यापेक्षा साधारण चाळीस मिनिटं मोठा. पुढची मोहीम येणार चार वर्षांनी, आणि तीही ३,२०० किलोमीटर लांब उतरणार. झालं. या तीन आकड्यांत अख्खा सिनेमा आला. वजाबाकी प्रेक्षकच मनात करतो आणि म्हणतो, अरे, हा मरणार!

पुढची साखळी बघा. जेवण कमी, म्हणून बटाटे लावायचे. पण पाणी नाही. म्हणून उरलेल्या रॉकेट इंधनातून हायड्रोजन काढून, तो जाळून पाणी करायचं. पण स्फोट होतो. तरी नेटाने पीक उभं राहतं, आणि मग एअरलॉक फुटतं, बाहेरची थंडी आत शिरते, सगळं पीक गोठून जातं. जेवण पुन्हा कमी, म्हणून पृथ्वीवरून घाईघाईत रसद पाठवायची. पण घाईत तपासण्या गाळल्या, रॉकेट उडतानाच फुटलं.

यात 'आणि मग, आणि मग' फार कमी आहे. 'म्हणून' आणि 'पण' हेच सांधे आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आम्हाला हे रोजचंच. एक बग सोडवला की त्याच दुरुस्तीतून दुसरा डोकं वर काढतो. 'द मार्शियन' ही कादंबरी लिहिणारा अँडी वीअरसुद्धा प्रोग्रामरच होता. आधी तो एकेक प्रकरण स्वतःच्या वेबसाइटवर फुकट टाकायचा, वाचक त्यातल्या विज्ञानाच्या चुका कळवायचे. त्यामुळे संकटांची साखळी इतकी घट्ट बसली असावी.

एक थाप चालते, पण सुरुवातीलाच

आता गंमत. ज्या वादळाने वॉटनी अडकतो, ते वादळच खोटं आहे. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास. तिथलं वारं कितीही वेगात असलं तरी यान कलंडवण्याएवढा जोर त्यात नसतो. वीअरने हे स्वतःच कबूल केलंय.

मग आपण चिडत का नाही? कारण ती थाप हिरोला संकटात टाकते. त्यातून बाहेर काढत नाही. सायन्स फिक्शनचा हा अलिखित करार समजा. सुरुवातीला एक अशक्य गोष्ट मागा, प्रेक्षक देतो. त्यानंतर मात्र नियमाने वागा. शेवटी परग्रहावरून कोणी येऊन वॉटनीला उचलून नेलं असतं, तर थिएटरात शिट्ट्या नाही, शिव्या पडल्या असत्या.

आता मंगळावरून थेट प्रभादेवी

कोणी म्हणेल, हे सगळं हॉलिवूडचं, आपल्याकडे एवढं बजेट कुठं? म्हणून दुसरा सिनेमा मुंबईतला घेतलाय. 'ट्रॅप्ड', मार्च २०१७ मध्ये आला, दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवाने. सायन्स फिक्शन अजिबात नाही. पण सांगाडा तोच आहे.

शौर्य, म्हणजे राजकुमार राव, घाईघाईत भाड्याने फ्लॅट घेतो. प्रभादेवीतली रिकामी बिल्डिंग, ३५ वा मजला, बिल्डिंगचं नाव 'स्वर्ग'. चावी बाहेर दरवाजालाच राहते आणि दरवाजा लागतो. इथे मंगळावरच्या वादळाचं काम एका दरवाजाने केलं. मोबाईल संपतो, पाणी संपतं. खायला काही नाही, म्हणून झुरळं, मग कबुतर. आणि हा माणूस मुळात शाकाहारी! पाऊस येतो तो नशिबाने. पण भांडी लावून पाणी साठवायचं ते त्यालाच. नशीब आणि अक्कल यांतलं हे अंतर लेखकांनी नीट सांभाळलंय. आणि हा सिनेमा भारतात इंटरव्हलशिवाय दाखवला गेला. बरोबरच आहे. हिरो उपाशी असताना आपण बाहेर जाऊन समोसा खाऊन आलो, तर त्याची भूक आपल्या पोटात राहील का?

दुसरा हिशोब: खबर

शिल्लक दोन्ही सिनेमांत सारखीच चालते. फरक खबरेत आहे.

वॉटनी कोट्यवधी किलोमीटर लांब आहे. तरी नासातली एक मुलगी रात्रपाळीत सॅटेलाइटचे फोटो बघते आणि तिच्या लक्षात येतं की मंगळावरचं सामान जागेवरून हललंय. म्हणजे कोणीतरी जिवंत आहे! तिथून खबरेचा आकडा वाढत जातो. आधी एक बाई, मग नासा, मग चीनसकट अख्खं जग, मग त्याचे जुने सहकारी.

शौर्यच्या खाली मुंबई आहे. माणसं दिसतात, गाड्या दिसतात. तो ओरडतो, आग लावतो, पुठ्ठ्यावर स्वतःच्या रक्ताने लिहून तो खाली टाकतो. खबर शून्य. शेवटी ग्रिल तोडून स्वतःच खाली उतरतो. तो परत येतो तेव्हा त्याच्या नूरीचं लग्न दुसऱ्याशी झालेलं असतं. शहर थांबलेलं नव्हतं.

म्हणून मला 'ट्रॅप्ड' जास्त भीतीदायक वाटतो. अंतर मोठं असणं हे खरं संकट नाही. आपली मोजदादच कोणी करत नाही, हे संकट. 'द मार्शियन' बघून बाहेर येताना छान वाटतं, ते विज्ञानामुळे असेलच. पण त्याहून जास्त वाटतं ते एका माणसासाठी सगळे हिशोब मांडत बसतात म्हणून.

आता उजनीवर करून बघू

हे दोन हिशोब घेऊन आपल्याकडची गोष्ट जुळवू. आधी खरे आकडे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यात उपयुक्त सुमारे ५३.५ आणि मृतसाठा सुमारे ६३.५. मृतसाठ्याची वरची पातळी म्हणजे शून्य टक्के. त्याखाली गेलं की उणे, आणि टक्के मोजायचे उपयुक्त साठ्याच्या मापात. २०२४ च्या उन्हाळ्यात आपण उणे ५० च्याही खाली गेलो होतो. गणित केलं तर कागदावर उजनी जवळपास उणे ११९ पर्यंत जाऊ शकते. सायन्स फिक्शनसाठी यापेक्षा भारी घड्याळ कुठं मिळणार?

समजा साल २०७०, उजनी उणे ९०. बॅकवॉटरच्या मधोमध, गाळात रुतलेल्या सोलर पंपाच्या तराफ्यावर एक ऑपरेटर मुलगी. आपली एकमेव थाप अशी: सगळा कारभार सॅटेलाइट बघतो, आणि त्याने हा पट्टा 'निर्मनुष्य' म्हणून नोंदवलाय. नाव परत लागेपर्यंत मदत नाही.

शिल्लक: बॅटरी, दोन दिवसांचं पाणी. चारी बाजूंना गाळ, पाय टाकला की कमरेपर्यंत आत. गाळातलं पाणी पिता येत नाही, म्हणून ते उकळायचं. पण त्यात बॅटरी जाते आणि रेडिओ बंद पडतो. खबर शून्य. मग तिच्या लक्षात येतं, हा सॅटेलाइट माणसं मोजत नाही, पण फ्लेमिंगो मोजतो! आपले रोहित पक्षी. म्हणून ती रोज ठरलेल्या वेळी पत्रा वाजवून थवा उठवते. वरून गुलाबी ठिपका घड्याळ लावल्यासारखा हलायला लागतो. कोणीतरी रात्रपाळीत तो बघेल का? पण पाऊस जवळ आला की पक्षी निघून जाणार. आता घड्याळं दोन झाली.

स्पेसशिप लागलं नाही, बजेटही नाही. फोन, तराफा, पत्रा आणि बॅकवॉटर. शेवट मी मुद्दाम सांगत नाही, तो तुम्ही लिहा. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, आणि तिला बक्षीस मिळालं. त्यामुळे नाव मोठं नाही म्हणून थांबू नका.

लिहून झालं की प्रत्येक सीनपुढे दोन रकाने करा, शिल्लक आणि खबर. ज्या सीनपुढे दोन्ही रकाने कोरे राहतील, त्या सीनची खरंच गरज आहे का ते स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येईल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि मोबाईलची बॅटरी सांभाळा!