हरिद्राराग

निवृत्तीनंतर घरींच सूत रंगविण्याची हौस मला झाली. सौभाग्यवतीनें महिनाभर टकळीवर कातलेलें सूत हळदीच्या पाण्यांत उकळतांच सोन्यासारखें झळकलें. पण दोन दिवसांच्या उन्हांत विटलें. ती कांहींच बोलली नाहीं, हेंच मला अधिक लागलें. चंचल प्रीतीस संस्कृतांत ‘हरिद्राराग’ कां म्हणतात, हें जन्मभर शिकविलें. उमगलें त्या दिवशीं!

पुढें तिनें पुन्हां सूत कातून दिलें, तेव्हां मात्र मीं घाई केली नाहीं. सूत धुण्याच्या सोड्यांत उकळून स्वच्छ केलें. मग हिरड्याच्या व नंतर तुरटीच्या पाण्यांत भिजवून मंजिष्ठेच्या काढ्यांत मंदाग्नीवर ठेवलें. हिरड्यांतील कषाय तुरटीला धाग्यांत धरून ठेवतो, आणि तुरटी रंगाला. ती तांबडी लड अनेकदां धुऊनही तशीच आहे. शोभणाऱ्या व न विटणाऱ्या प्रीतीस विश्वनाथानें साहित्यदर्पणांत ‘मंजिष्ठाराग’ म्हटलें, तें उगीच नव्हे.