जनुकाची झाली तारीख!

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका रक्तचाचणीत 'सेप्ट९' नावाचे जनुक तपासतात. मात्र हे नाव एक्सेलमध्ये इंग्रजीत टाइप केले, की आपोआप त्याची ९ सप्टेंबर ही तारीख होते! २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या सुमारे एकपंचमांश शोधनिबंधांत अशा चुका आढळल्या.

संशोधक बऱ्याचदा 'सीएसव्ही' फाइल वापरतात. तिच्यात असतो निव्वळ मजकूर, स्वल्पविरामांनी वेगळा केलेला. ती कुठल्याही संगणकावर उघडते. पण कोणता रकाना नावांचा आणि कोणता तारखांचा, हे ती सांगत नाही. सॉफ्टवेअर अंदाज बांधते. फाइल तशीच सेव्ह केली, तर मूळ नाव पुसले जाते.

यावर साधा उपाय म्हणजे 'स्कीमा', अर्थात फाइलसोबत द्यायचा काही ओळींचा नियमतक्ता. कोणत्या रकान्यात आकडे, कोणत्यात नावे, नावांचा साचा कसा, हे त्यात लिहिलेले असते. त्यानुसार तपासणी केली, की नावाच्या जागी घुसलेली तारीख लगेच पकडली जाते.

मानवी जनुकांना नावे देणाऱ्या 'एचजीएनसी' समितीने मात्र वेगळी वाट धरली. २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार 'सेप्ट९' आता 'सेप्टिन९' झाले आहे.